सव्वीस हजार तासांची नवी डिस्क

संगणक बिघडला की घरातल्या माणसाचा स्वभावही बिघडतो, हे तुम्ही तुमच्या घरी पाहिलंच असेल. इमारतींचे नकाशे काढून देणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी तर तीन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. संगणकातली डिस्क काठोकाठ भरली होती. एकेक नकाशा जतन करताना यंत्र अडून बसायचं, आणि त्याचा राग निघायचा बायकोवर.

"ताईंच्या दुकानातून नवी डिस्क आण आणि संपव एकदाचं," बायको म्हणाली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वीस वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत होती, आणि धाकट्या भावाला अक्कल शिकवण्याचं काम त्याहून जुनं होतं.

"तिच्याकडे गेलो की डिस्कबरोबर भाषणही घ्यावं लागतं," तो म्हणाला. "ऑनलाइन हीच डिस्क निम्म्यात मिळतेय. वाच, काय लिहिलंय. नवीन, सीलबंद."

"मग निम्म्यात का देतोय तो? त्याच्या अंगणात काय डिस्कचं झाड आहे?"

बायको बोलली म्हणूनच त्याने हट्टाने ती मागवली. पार्सल आलं तेव्हा तो एका दवाखान्याच्या इमारतीच्या नकाशात बुडालेला होता. खोकं कपाटावर गेलं आणि बाराव्या दिवशी खाली आलं. आत चकचकीत पिशवी, पिशवीला चिकटपट्टी, सगळं झकास. त्याने डिस्क बसवली. कामाला लागली की ती दातावर दात आपटल्यासारखी कटकटायची. तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्याचा अर्धा नकाशा उघडेचना.

मान खाली घालून तो ताईच्या दुकानात गेला. ताईने डिस्क यंत्राला लावलीच नाही. आधी दिव्याखाली धरली.

"ही स्क्रूची भोकं बघ. आटे झिजलेत. नव्या वस्तूत स्क्रू कधी फिरलेलाच नसतो. आणि ह्या जोडणीच्या पट्ट्यांवर ओरखडे. किती वेळा घातली-काढली असेल, देव जाणे."

मग तिने डिस्क जोडली आणि तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर एक आकडा आला. सव्वीस हजार एकशे चाळीस तास.

"म्हणजे?"

"म्हणजे तीन वर्षं अखंड राबलीय ही. कुठल्यातरी कचेरीत पिळून काढली, पुसली आणि तुझ्या गळ्यात मारली. हा आकडासुद्धा काही चोर शून्यावर आणून ठेवतात, तेव्हा नुसत्या त्याच्यावर जाऊ नये. लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाक."

त्याने टाकला. हमीची मुदत गेल्या वर्षीच संपलेली होती.

"जी वस्तू काल जन्मली, तिची हमी गेल्या वर्षी कशी मेली रे?" ताईचा आवाज चढला. "पार्सल उघडताना व्हिडिओ काढलास?"

"नाही."

"परत करायची मुदत किती होती?"

"दहा दिवस."

"आणि तू उघडलंस कधी?"

"बाराव्या दिवशी."

ताईने कोपरापासून हात जोडले.

तिच्या समोरच त्याने विक्रेत्याला फोन लावला. पलीकडचा माणूस जराही गडबडला नाही. "साहेब, आम्ही नवीच पाठवली होती. तुम्ही घरची जुनी दाखवत नाही कशावरून? जा, कुठे जायचं तिथे जा!" फोन आपटला. दुसऱ्यांदा लावला तर लागेचना.

"साइटकडे तक्रार कर," ताई म्हणाली. "तपासणीचा कागद मी सहीशिक्क्यानिशी देते. एकदा नाही म्हणतील, दोनदा म्हणतील. चिकटून राहा."

"कोण त्यांच्या मागे लागणार! मला काय उद्योग नाहीत?"

पण घरी येताना त्याच्या डोक्यात भलताच उद्योग शिरला. त्याने डिस्कवरचं सगळं पुसलं, ती त्याच चकचकीत पिशवीत घातली, वर नवी चिकटपट्टी लावली, फोटो काढला आणि जुन्या-नव्या वस्तू विकायच्या साइटवर जाहिरात टाकली. 'नवीन, न वापरलेली. चुकून जास्त मागवली.'

बायकोने ते वाचलं. "चोराने तुला लुटलं म्हणून तू शेजारच्या घरी दरोडा घालणार?"

"मी जशी आली तशी देतोय. मला नवीन म्हणूनच मिळाली होती!"

"मग तसं लिही ना. वापरलेली, कटकट करणारी, नकाशे गिळणारी. बघू कोण घेतंय."

"तू गप्प बस. सगळं जग हेच करतं!"

"जगाचं मला सांगू नकोस. मला जगाबरोबर राहायचं नाहीये, तुझ्याबरोबर राहायचंय."

दोन दिवस पुन्हा अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी जाहिरात पाहून एक बाई दारात उभी राहिली. अंगात परिचारिकेचा गणवेश, रात्रपाळी संपवून थेट आलेली, डोळे तारवटलेले. तिने पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"नवीन आहे ना नक्की? मला यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते. आईचं स्वरयंत्र काढलं गेल्या वर्षी. आता ती पाटीवर लिहून बोलते. पूर्वी मला फोनवर निरोप ठेवायची ना, जेवलीस का, छत्री नेलीस का, ते सगळे मी लॅपटॉपवर साठवलेत. तो आता केव्हाही मान टाकेल. हिच्यावर सगळं घेते आणि त्याला मोडीत काढते."

'हो' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. दोन दिवस त्याने तो घोटून ठेवला होता. पण बाई पर्स उघडू लागली आणि त्याच्या कानात ती कटकट सुरू झाली.

"थांबा!" तो जवळजवळ ओरडलाच. "घेऊ नका ही. नवी नाहीये. मलाच कुणीतरी फसवून विकली. आज चालेल, उद्या सगळं घेऊन बसेल."

बाईने पर्स बंद केली. आपण खरं बोललो, आता ती आभार मानेल, असं त्याला वाटलं असेल तर तो त्याचा भ्रम होता.

"मी आईचं बोलले नसते तर?" तिने विचारलं.

त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"विचारतेय मी. गुपचूप पर्स उघडली असती, तर दिली असतीत ना?"

"...दिली असती."

"मग खोटेपणाची लाज वाटली नाही तुम्हाला. माझ्या आईची दया आली फक्त! म्हणजे जिची आई ठणठणीत आहे, तिला चालली असती ही! मी काल पंधरा रुग्णांना औषधं दिली. त्यातल्या कुणाकुणाची कहाणी आधी ऐकून मग बरोबर गोळी द्यायची, असं ठरवू का मी?"

फाटक आपटून ती निघून गेली. बायको मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि या वेळी ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने जाहिरात काढली. ताईकडून कागद आणला, तक्रार केली. साइटने उत्तर दिलं, मुदत संपली. त्याने पुन्हा लिहिलं. विक्रेत्याच्या पानाखाली झिजलेल्या आट्यांचे आणि त्या आकड्याचे फोटो टाकले. खाली एकेक माणूस बोलू लागला. आम्हीही, आम्हीही! विक्रेत्याने त्याला फोन करून शिव्या घातल्या, आणि खटला भरायची धमकी दिली. तो मागे हटला नाही. अकरा जणांच्या तक्रारी एकत्र झाल्या आणि सातव्या आठवड्यात ते पान बंद पडलं. त्याचं नुकसान काही भरून आलं नाही.

परिचारिकेला त्याने एकच निरोप पाठवला होता, ताईच्या दुकानाचा पत्ता. ती गेली. ताईने तिच्या डोळ्यांसमोर सील फोडलं, नंबर तपासला, तास दाखवले. शून्य. आईचे सगळे निरोप ताईने दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून दिले. तो नेमका तेव्हा दुकानात आला. बाईने त्याला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. त्यानेही माफी मागायला तोंड उघडलं नाही. बाजूला सरून तिला वाट दिली.

मित्रहो, वस्तू घेताना डोळे उघडे ठेवा. पार्सल आल्या दिवशीच उघडा, उघडताना चित्रण करा, नंबर तपासा, आणि भाव फारच गोड लागला तर आधी संशय घ्या. एवढं करूनही माणूस फसतो, आणि फसण्यात पाप नाही. पण तीच वस्तू 'नवीन' म्हणून पुढच्याच्या हातात ठेवलीत, की पहिल्या ठगात आणि तुमच्यात काही फरक उरत नाही. मग घेणाऱ्याची आई आजारी असो की ठणठणीत!