पाट्याचं दुसरं टोक

मित्रांनो, मी एका जुन्या जीपचा मेन पाटा आहे. जीपच्या पोटाखाली, चाकाच्या वर, लांब बाकदार पोलादी पट्ट्यांची एक चळत असते. तिच्यातली सगळ्यांत वरची, सगळ्यांत लांब पट्टी म्हणजे मी. रस्ता खालून गुद्दे हाणतो आणि आम्ही वाकून ते जिरवतो, म्हणून वर बसलेल्यांची हाडं जागच्या जागी राहतात. याबद्दल आजवर कुणी माझा सत्कार केलेला नाही.

माझा जन्मच मारहाणीत झाला. मला लालभडक होईस्तोवर भाजलं, घणाखाली धरून बाक दिला आणि तसंच तेलात बुडवलं. तेव्हा मी जो चरफडलो, तो राग अजून अंगात आहे. पोलादाला राग हवाच, नाहीतर ते वाकून परत उठणार कसं?

पनवेलजवळच्या एका गावात चंद्रावतीची ही जीप. नवरा गेल्यावर तिने मासळीचा धंदा उभा केला. पहाटे करंजाच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि बर्फ घालून पनवेलच्या बाजारात आणायची. तिचा थोरला मुलगा भगवान जीप चालवायचा. टोपल्यांतून खारं पाणी आमच्यावर ठिबकायचं, पण घरी आल्याबरोबर भगवान जीपखाली आडवा होऊन आम्हाला गोड्या पाण्याने धुवायचा. "आये, पाटे हायत म्हनून तुझी कंबर हाय," असं तो म्हणे. मला त्याचा फार लळा लागला होता.

पुढे भगवान कारखान्यात लागला आणि जीप धाकट्या परेशच्या हाती आली. परेश वाईट नव्हता, उतावळा होता. टोपल्या दुप्पट झाल्या, धुणं बंद पडलं. मीठ आमच्यात शिरलं, अंगाचे पापुद्रे सुटले. एके दिवशी माझ्या खालचा भाऊ खाडकन तुटला. त्या आवाजाची मला आजही धडकी भरते.

पनवेलच्या एका दुकानात आम्हाला जीपखालून सोडवून काढलं. मी फरशीवर पडून सगळं ऐकत होतो. भगवानने जीपचेच नवे पाटे पसंत केले. परेशला मात्र ट्रकचे जाड पाटे कापून बसवायचे होते. माल जास्त बसेल आणि गाडीही उंच दिसेल, असं त्याचं म्हणणं.

"अरे, हे वाकनार नायत," भगवान म्हणाला. "गाडी उडल. आये बसते तुझ्या बाजूला."

"तू चालवतोस का, दादूस? तुझा पगार चालू हाय. मना माझा धंदा करू दे."

दोघांनी आईकडे पाहिलं. लहानपणापासून नवं ते भगवानला आणि त्याचं उतरलेलं परेशला, हे चंद्रावतीला सलत होतं. तेवढ्यावरून तिने पाटे निवडले. "चालवनारा त्यो हाय. त्याला पायजेत तेच घ्या," ती म्हणाली. धाकट्याचं मन एकदा राखलं म्हणून तिला बरं वाटलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण पाट्याचं ऐकतं कोण! घरी कुठंतरी कामाला येईल म्हणून मला जीपमध्येच मागे टाकलं.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून परतताना मी तिथेच होतो. रस्त्यात खड्डा आला, माझ्या चांगल्या ओळखीचा. जाडजूड पाटे तसूभरही वाकले नाहीत. अख्खी जीप उसळली. चंद्रावतीचं तोंड लोखंडी दांडीवर आपटलं आणि ती बाहेर फेकली गेली. टोपल्या फुटल्या, बर्फ लाल झाला. तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, ओठ फाटला होता. परेश "आये, आये" करत रस्त्यावर पडलेले तिचे दात वेचत होता.

दुपारी टाके घालून, हात गळ्यात बांधून तिला घरी आणलं. फुटक्या टोपल्यांबरोबर मलाही अंगणात टाकलं. भगवान कारखान्यातून तसाच धावत आला. त्याने आईचं तोंड पाहिलं आणि परेशच्या थोबाडीत दिली. मग लाथ घातली. मग केस धरून त्याचं डोकं जीपच्या पत्र्यावर आपटलं. "उंच गाडी पायजे व्हती ना तुला? बघ तिच्याकडं!" परेश माझ्याजवळ कोसळला. त्याच्या हाताला मी लागलो आणि त्याने मला उचललं.

मित्रांनो, जन्मभर मी माणसांच्या हाडांसाठी मार खाल्ला. पहिल्याच फटक्यात भगवानचा उजवा हात कोपरातून मोडला, आणि तो आवाज माझ्या अंगभर घुमला. भगवान गुडघ्यांवर बसला. परेशने मला पुन्हा उगारलं. आता खाली भगवानचं डोकं होतं. मला वाकायचं होतं हो! पण दोन्ही टोकांना धरलं तरच पाटा वाकतो. एकाच टोकाला धरला की तो नुसता घण असतो.

एवढ्यात मागून कुणीतरी माझं दुसरं टोक धरलं. चंद्रावती होती. गंजाने तिचा तळवा फाटला. परेशने हिसडा दिला तशी ती फरफटत पुढे आली, मोडक्या खांद्याच्या कळेने किंचाळली, पण तिने मला सोडलं नाही.

"पाटे मी निवडले," फाटक्या ओठांतून ती म्हणाली. "त्याने नाय, तू नाय. मी. मारायचं तर मना मार."

परेश माझ्यासकट खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

जीपला आता जीपचेच पाटे आहेत. चंद्रावती पुन्हा बंदरावर जाते. भगवानचा हात मात्र सरळ होत नाही, आणि कारखान्याने त्याला घरी बसवलंय. रोज सकाळी परेश त्याच्या शर्टाची बटणं लावतो. भगवान त्याच्याशी बोलत नाही, दुसरीकडे बघतो. पण गळ्याचं बटण लावताना हनुवटी वर उचलून धरतो.

मी अजून त्याच अंगणात पडून आहे. मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. माणसाच्या रागाच्या हाताशी मला असं पडू देऊ नका. मला भंगारवाल्याकडे नेऊन द्या. आणि उचलाल तेव्हा एकट्याने उचलू नका, दोघांनी मिळून उचला.