चित्राची वायर

श्रीकांतनं काउंटरवर तीन वायरी ओळीनं मांडल्या आणि विचारलं, "काका, कॉम्प्युटर कवाचा हाये?"

"सात-आठ वर्षं झाली. वंदनाच्या कोर्सच्या वेळचा."

वंदनाचं नाव निघालं तसा श्रीकांतचा चेहरा उतरला. काकांची ती लेक वारून दोनच महिने झाले होते, आणि दुकानदाराच्या कानावर येणार नाही अशी बातमी बुऱ्हाणपुरात नसते. त्यानं पहिली वायर उचलून बाजूला ठेवली. "मंग ही नही चालनार. हिच्यातून चित्र-आवाज दोन्ही जातात, पन जुन्या डब्याले ती बसत नही. तुमाले ही निळ्या तोंडाची लागीन. दोन्हीकडचे स्क्रू कसा, झालं काम. पन हिच्यातून नुसतं चित्र जाते. आवाजासाठी ही बारीकवाली बी न्या."

"ती नको."

"अरे काका, आदमी बोलता दिखेगा और सुनाई नहीं देगा! काय मजा?"

"चालेल. मला नुसतं चित्रच पाहिजे," दत्तात्रय म्हणाला आणि निळी वायर पिशवीत घालून लोधीपुऱ्यातल्या घराच्या वाटेला लागला. श्रीकांतला वाटलं, म्हातारा कंजूष आहे. तसं वाटलं तर वाटू दे. खरं कारण सांगण्यापेक्षा कंजूष ठरलेलं परवडलं.

दत्तात्रय एका खासगी शाळेत तीस वर्षं बाबू होता. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब. गरीब म्हणजे काय, तर कोणाशी वाकडं घ्यायचं नाही आणि घरच्यांनाही घेऊ द्यायचं नाही. पोरगी कॉम्प्युटरचा पीजीडीसीए कोर्स शिकली, देडतलाईला केळीच्या बागा असलेल्या घरात दिली. दोन वर्षांनी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली ती गप्प-गप्प. बाकीच्या माहेरवाशिणी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ही खोलीत बसून. आठव्या दिवशी दत्तात्रयनं तिला स्वतः बसमध्ये बसवून सासरी पोचवलं. तीन आठवड्यांनी निरोप आला, शेतातल्या विहिरीवर पाय घसरला. ठाण्यात कागद पुढं आला तेव्हा त्यानंच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं, आमचा कोणावर शक नाही. खाली त्याची सही, तिच्याखाली बायकोची.

तेरवीला फ्रेम करायची म्हणून तो कॉम्प्युटरमध्ये पोरीचा फोटो शोधत होता. फोटोंच्या शेजारी एक व्हिडिओ सापडला. तारीख आखाजीनंतरची, सासरी जायच्या दिवसाची. त्यानं तिचाच हेडफोन कानाला लावला. पोरगी कॅमेऱ्याकडं बघून बोलत होती. एक मिनिटही झालं नसेल, त्यानं बंद केलं. पुढचं ऐकायची छातीच झाली नाही. त्या रात्री त्यानं ब्लेडनं हेडफोनची वायर कापली. व्हिडिओही पुसायला गेला, पण त्यात पोरगी मान हलवत होती, पापण्या मिटत होती. ते काही बोटाला जमलं नाही.

त्याच वेळी नेमकी त्याची बायको कमल मागून आली होती आणि तिनं पडद्यावर हलता चेहरा पाहिला होता. "काय म्हनते ती?"

"काही नाही. कॅमेरा चालतो का बघतेय. हॅलो-हॅलो करतेय."

कमलच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. तो लहान मॉनिटर तिला धड दिसत नव्हता. तिनं त्या दिवसापासून धोशाच लावला, टीव्हीवर लावा, पोरगी मोठी दिसीन. आज वायर मिळत नाही, उद्या दुकान बंद आहे, असं करत त्यानं दीड महिना काढला. आता थापा संपल्या होत्या. मग त्याला सुचलं, चित्र दाखवू, आवाज नको. आईला लेकीचं तोंड दिसेल आणि बापाचं तोंड काळं व्हायचं टळेल. या युक्तीची त्याला स्वतःलाच शिसारी आली, पण दुसरं काही सुचेना.

घरी येऊन त्यानं टीव्हीच्या मागं वाकून स्क्रू कसले. कमल पाट घेऊन टीव्हीपासून दोन हातांवर येऊन बसली, पदरानं चष्मा पुसला.

"या वायरीतून आवाज येत नाही," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "दुकानात हीच होती."

"असू द्या. लावा."

वंदना पडद्यावर आली. हातभर चेहरा, कपाळावर टिकली, मागं भरलेली बॅग. कमलच्या तोंडून हुंदका आला आणि तिनं तो गिळला. पोरीचे ओठ हलू लागले. दत्तात्रयनं सुटकेचा श्वास सोडला. खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"बाबा," कमल म्हणाली.

त्यानं दचकून पाहिलं. कमल त्याच्याकडं बघतच नव्हती. तिची नजर टीव्हीवर होती आणि तिचेही ओठ हलत होते. "बाबा, तुमाले दोनदा सांगतलं, माले तिथं परत जायाचं नही. तुम्ही म्हने, लोकं काय म्हंतीन."

कमलनं लग्नाआधी आणि नंतर मिळून सोळा वर्षं पॉवरलूमच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून बायका समोरचीचे ओठ बघून बोलणं ओळखतात. घरातही मायलेकी आवाज न काढता एकमेकींशी बोलायच्या, त्याच्या जेवणावरून, त्याच्या धोतरावरून, आणि तो मधे खुळ्यासारखा बघत बसायचा. ऑफिसात खुर्ची उबवणारा माणूस! आपल्या बायकोला काय येतं हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"तुम्ही रिक्षा आनाले गेले तं हे बोलून ठेवते," कमल बोलत राहिली. आवाजात चढ नाही, उतार नाही, शेडमध्ये निरोप पोचवावा तसा. "वो आदमी माले जगू नही देनार, बाबा. बस, इतना ही कहना था."

इथंच त्यानं तेव्हा बंद केलं होतं. तो अर्धा उठला. प्लग दोन पावलांवर होता. पण तो पुन्हा खाली बसला. पडद्यावर वंदना थांबली होती. तिनं दाराकडं पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्याकडं वळली आणि बोलू लागली.

"आई," कमल म्हणाली.

कमल इथं थांबू शकली असती. त्याला ओठ वाचता येत नव्हते आणि आवाज देणारी वायर दुकानातच राहिली होती. पोरगी पुढं काय म्हणाली हे त्याला कधीच कळलं नसतं. कमलनं दोन्ही हातांनी पाट धरला.

"आई, तुले तं मी पाठ दाखवली व्हती. तू हळद लावली आन् म्हने, बाबाले सांगू नको, ते झुरतीन. आई, तू बी माले जाऊ देलं."

वंदना उठून कॅमेऱ्यापाशी आली. तिच्या बोटानं पडदा भरला आणि चित्र थांबलं.

"पाठ?" दत्तात्रयनं कसंबसं विचारलं.

"आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. न्हानीत. पट्ट्याचे वळ व्हते, मोजले नही मी."

"मला का नाही सांगितलंस?"

कमलनं पहिल्यांदाच त्याच्याकडं तोंड वळवलं. "सांगतलं असतं तं काय केलं असतं तुम्ही?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. पोरीला त्यानं समजावलं असतं, बायकोला समजावलं असतं, आणि रिक्षा आणायला गेला असता. त्याला रडू फुटलं. कमल उठली नाही, जवळही आली नाही. ती म्हणाली, "सकाळी हा कॉम्प्युटरचा डबा रिक्षात टाका. ठाण्यात जाऊ."

"तिथं आपण लिहून दिलंय," तो डोळे पुसत म्हणाला. "शक नाही म्हणून. आता ते आपल्यालाच विचारतील, तेव्हा का..."

"इचारू द्या."

"आणि त्यांच्याकडं आवाज नाही निघाला तर?"

"नही निघाला तं मी बोलून दाखवीन," कमल म्हणाली. "तुमचं बी सांगीन. माहं बी."