पाय आडवे

"मागच्या रांगेतल्या मोबाईलवाल्यांनी निकाल लागला की आम्हालाही कळवावं. देव थांबलाय," बुवा चिपळ्या थांबवून म्हणाले. नारायण पेठेतल्या त्या देवळात हशा पिकला.

मच्छिंद्रनं मोबाईल मांडीवर उपडा घातला. शेजारी बसलेल्या प्रेमलाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, बाहेर जाऊन बघा की."

"बाहेर उन्हात काही दिसत नाही गं."

मोबाईलमध्ये लडाख होतं. आइस हॉकीचे पहिले पगारी संघ निघत होते आणि त्यांच्या निवडीत मच्छिंद्रची विद्यार्थिनी तेजस्विनी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. एक जागा, दोन मुली. बाकावर बसलेली तिची मैत्रीण शेफाली व्हिडिओ कॉलवरून सगळं मच्छिंद्रसरांना दाखवत होती.

मच्छिंद्र स्वतः महाराष्ट्राकडून बर्फावर उतरलेल्या पहिल्या पोरांपैकी. हडपसरच्या कारखान्यात फिटर. रजा टाकून, दुसऱ्याचे बूट पायात घालून जायचा. चार हिवाळे मिळून बर्फावरचे दिवस अकरा. बाराव्या दिवसाआधी गुडघा गेला. तेवढीच कारकीर्द. मग संध्याकाळी कर्वेनगरच्या एका सोसायटीत, सिमेंटवर, मुलांना चाकांचे स्केट शिकवत राहिला.

चाकांच्या स्केटला पुढे रबर असतो. चवडा टेकवला की थांबता येतं. बर्फावरच्या पात्याला रबर नाही. तिथे दोन्ही पाय आडवे करून खरवडत थांबायचं, चवडा टेकवला तर थेट तोंडावर. मच्छिंद्रला हे पहिल्याच दिवशी हनुवटी फुटल्यावर कळलं होतं. तरीही तेजस्विनीला सहाव्या वर्षापासून त्यानं चवडाच शिकवला. सिमेंटवर दुसरं शिकवणार काय? लडाखला जायच्या आधी महिनाभर मात्र पार्किंगच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतून, नुसत्या मोज्यांवर, तो तिला आडवं थांबायला लावत होता. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींची पाटी लागली : 'येथे गाड्या धुवाव्यात. खेळाडू धुऊ नयेत.' सराव पाटीखाली चालू राहिला.

बुवांचं आख्यान रंगत आलं होतं. भक्त हाका मारतोय, देवाचा पत्ता नाही. पेटी थांबली. सगळं देऊळ चिडीचूप.

मच्छिंद्रनं मोबाईल हळूच उलटा केला. तेजस्विनी वेगात येत होती. समोरून दुसरी मुलगी अंगावर आली. तेजस्विनी बिचकली, आणि तिची उजवी टाच उचलली गेली. तिला कळायच्या आत ते त्याला दिसलं.

"आडवे! पाय आडवे कर!"

देवळातली सगळी डोकी वळली. लडाखमध्ये कुणाला ऐकू जाणार? तेजस्विनी तोंडावर आपटली. शिट्टी वाजली. एक माणूस तिच्यापाशी आला, त्यानं हात पुढे केला. तिनं अंगावरचं नंबराचं जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं.

मच्छिंद्रची मान खाली गेली. आता बुवा काय बोलतील?

"ऐकलंत?" बुवा म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती. "हाक ही अशी मारायची असते. पोटातून. म्हणा, विठ्ठल विठ्ठल!" टाळ-चिपळ्यांच्या गजरात ती हाक बुडून गेली.

थोड्या वेळानं फोन थरथरला. मच्छिंद्र चपलांच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला.

"सर, पाहिलंत?"

"नाही गं. ऐन वेळी नेट गेलं."



"चांगलं झालं, सर," तेजस्विनी म्हणाली. "थांबायला पण जमलं. पण त्यांना उंच मुलगी हवी होती."

"हां. उंचीला कोण काय करणार?"

"तेच ना."

"जेवलीस का?"

"जेवते, सर."

तो आत आला तेव्हा आरती संपली होती आणि ताट फिरत होतं. प्रेमलाबाईंनी मान वळवली.

"काय म्हणाली?"

"थांबायला जमलं म्हणाली."

प्रेमलाबाईंनी त्याच्या खांद्यावरून सगळं पाहिलं होतं. ताट पुढे आलं तसे त्यांनी दोन्ही हात ज्योतीवरून फिरवले, आणि आधी त्याच्या डोळ्यांवर ठेवले.