प्रतिमाच्या बाजूचं दार

"काका, कार तर मस्त ठेवलीय तुम्ही. पण ही कंपनी कुठली? मी कधी नावच नाही ऐकलं," हिमानी बॉनेटवरच्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाली.

"ओल्ड्समोबिल," गावंडे म्हणाले. "इथलीच. लॅन्सिंगची, तासाभराच्या वाटेवर."

"मग आता नाहीये?"

"नाही. दोन हजार चारला गेली."

माणसाबद्दल बोलावं तसं ते बोलले. हिमानी घाईनं "ओह, सॉरी" म्हणाली आणि मग आपण नक्की कुणाबद्दल सॉरी म्हणालो हे न कळून हसली. ती बिचारी नवीनच होती. नागपूरहून ॲन आर्बरला एमएस करायला आलेली. जानेवारीपासून तिची इंटर्नशिप सुरू होणार होती, आणि तिथं बस जात नव्हती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडी द्यायची असल्याचा गावंड्यांचा मेसेज वाचून ती आली होती.

रवींद्र गावंडे पंचाहत्तरीला टेकले होते. मार्चमध्ये त्यांची बायको प्रतिमा गेली, आणि येत्या शनिवारी ते मुलीकडे, ईडन प्रेरीला, कायमचे जाणार होते. घर विकलं गेलं होतं. सोफा, टीव्ही, प्रतिमाच्या साड्या, सगळं मार्गी लागलं होतं. राहिली होती ती ही गाडी. मुलगी आरोही फोनवर रोज तेच सांगायची, "बाबा, जस्ट स्क्रॅप इट. नोबडी वॉन्ट्स इट." ते "बघतो" म्हणायचे. त्यांना गाडीचे पैसे नको होते. कुणीतरी तिच्यात बसून कामाला जावं, भाजी आणावी, ती चालती राहावी, एवढंच हवं होतं.

बाकी मार्चपासून त्यांना कशाचं काही वाटत नव्हतं. प्रतिमा गेली त्या दुपारी त्यांनी हॉस्पिटलच्या काउंटरवर पार्किंगच्या तिकिटावर शिक्का मारून मागितला होता. आता रडू येईल, मग येईल, अशी त्यांनी वाट पाहिली. ते आलं नाही, आणि पुढे वाट पाहणंही सुटलं. गाडीपुरती तेवढी एक इच्छा शिल्लक होती.

"बस ना आत," ते म्हणाले. "सीटचं कापड बघ. एक डाग दाखव!"

हा त्यांचा जुना आवाज होता. वीस वर्षं शोरूममध्ये वापरलेला.

गावंडे अमरावतीचे बी.कॉम. प्रतिमा नर्स. एक्याऐंशी साली तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्यामागून हे आले. भोवतालची मराठी मंडळी म्हणजे एकजात इंजिनियर आणि डॉक्टर. त्यांच्यात हा एकटा मोटारी विकणारा. पण दिवस असे होते की ओल्ड्समोबिल विकावी लागतच नव्हती, नुसतं किल्ली देऊन हात मिळवायचा. शेव्हरलेवाल्याला वाटावं की आपण एक पायरी चढलो, आणि कॅडिलॅकवाल्यानं नाक मुरडू नये, अशी ती मधल्या पायरीची गाडी. शाळेचे मुख्याध्यापक, बँकेतले अधिकारी, दातांचे डॉक्टर, सगळे घ्यायचे. वर्षाला दहा लाख गाड्या खपत होत्या. गावंडे कोट घालून कामावर जायचे आणि प्रतिमा म्हणायची, "निघाले आमचे जावईबापू."

मग मधली पायरी झिजत गेली. गिऱ्हाइकं म्हातारी झाली. तरुणांना खेचायला कंपनीनं जाहिरात काढली की ही आता तुमच्या वडिलांची गाडी राहिली नाही. वडिलांनी ते नीट ऐकलं आणि यायचे बंद झाले. मुलं तर आधीच जपानी शोरूममध्ये जाऊन बसली होती. तेलही गेलं, तूपही गेलं.

मराठी माणसांची गोष्टच वेगळी. त्यांनी गावंड्यांकडून गाडी अशी कधी घेतलीच नाही. घरी यायचे, प्रतिमाच्या हातचे पोहे खायचे, इंजिन कुठलं चांगलं, हप्ते कसे पाडून घ्यायचे, सगळं दोन तास विचारायचे आणि आठवड्यानं टोयोटा घेऊन यायचे. रीसेल व्हॅल्यू! वर फोन करायचे, "गावंडे, रविवारी पूजेला या हं. नारळ तुम्हीच फोडायचा." कारण रंगाला ओरखडा न जाता नारळ फोडायचा हात त्यांच्याकडेच होता. असे ते हळद, कुंकू आणि चार लिंबं घेऊन दुसऱ्यांच्या कॅमरी आणि अकॉर्डपुढे उभे राहायचे. एकानं विचारलंही होतं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" "गाडीचा काय दोष?" असं ते म्हणाले होते, आणि खरंच तसं त्यांना वाटायचं.

दोन हजार चारला कारखान्यातून शेवटची ओल्ड्समोबिल बाहेर पडली. इकडे शोरूमच्या मालकानं पाटी उतरवली. आवारात उरलेली एक फिकट सोनेरी अलेरो गावंड्यांनी स्वतःच घेतली. नोकरी गेली त्याच आठवड्यात नवरा नवी गाडी घेऊन दारात उभा, हे पाहून प्रतिमानं कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!"

"पूजेचं ताट आण," ते म्हणाले होते.

"कसली पूजा? हिच्या कंपनीचं तेरावं झालंय. तेराव्याला कुणी हळद-कुंकू लावतं का?" ती आत निघून गेली. गावाच्या गाड्यांचे नारळ फोडणाऱ्याची स्वतःची गाडी तशीच बिनपूजेची राहिली. नंतर गावंडे गाद्यांच्या दुकानात लागले. तिथं मात्र मराठी माणसांनी खरंच गाद्या घेतल्या.

"काका, मी चालवून बघू?" हिमानीनं विचारलं.

"चालव की. मी शेजारी बसतो."

उजव्या बाजूचं दार त्यांनी उघडलं, तर दाराच्या कप्प्यातून एक कापडाची घडी खाली पडली. हिरव्या सुती साडीची चिंधी, लांबट, बोटभर जाड. काच पुसायची असेल म्हणून त्यांनी ती गराजच्या फळीवर टाकली आणि ते सीटवर बसले. गुडघे पुढे जाऊन आपटले. प्रतिमा ठेंगणी, तिची सीट पुढे ओढलेली. मार्चपासून त्या सीटवर कुणी बसलंच नव्हतं. आणि ते स्वतः? या गाडीत या बाजूला ते कधीच बसले नव्हते. प्रतिमा गाडी चालवायची नाही.

"सीट मागे घ्या ना काका."

"राहू दे."

हिमानीनं सावकाश गाडी बाहेर काढली. नोव्हेंबरचं ऊन होतं, नुसतं दिसायला. गावंड्यांनी बोलणं चालू ठेवलं. इंजिन कसं शांत आहे बघ, ब्रेक गेल्याच वर्षी नवे टाकले, हीटर तर असा की कोट काढावा लागेल. वॉशटेनॉ ॲव्हेन्यूला जिथं शोरूम होती तिथं आता व्यायामशाळा झालीय. काचेआड माणसं जागच्या जागी धावत होती. त्यांनी ती हिमानीला दाखवली नाही.

गाडीनं वेग घेतला आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला गार वाटलं.

त्यांनी हात लावून पाहिला. दाराच्या खालच्या फटीतून बारीक, धारदार वारा येत होता. गुडघ्याच्या बरोबर वाटीवर. हीटरची सगळी ऊब एका बाजूला आणि हा वारा एका बाजूला.

बारा-तेरा वर्षांपूर्वी याच दारावर हरीण धडकलं होतं. कुठल्यातरी स्वस्त गराजातून त्यांनी ते ठोकून आणलं. बाहेरून अगदी नव्यासारखं दिसायचं. प्रतिमा म्हणाली, "अहो, वारा येतोय." ते म्हणाले, "कुठे येतोय? हीटर चालू आहे की." पुढच्या हिवाळ्यात ती परत म्हणाली, तेव्हा ते हसून म्हणाले, "अगं, तुला कुरकुरायची सवयच आहे." गिऱ्हाइकाची तक्रार हसत टोलवायची, हे हाडात मुरलेलं. पुढे ती म्हणायची थांबली. त्यांना वाटलं, वारा थांबला.

हिरवी चिंधी.

गाडीत बसलं, दार लावलं, की ती खाली वाकून काहीतरी करायची. त्यांना वाटायचं चपला सरळ करते. त्यांचं लक्ष मागच्या आरशात असायचं. दर वेळी बसताना तिनं ती घडी फटीत खोचली होती. हॉस्पिटलची नाइट ड्यूटी, आरोहीचं कॉलेज, मंडळाचा गणपती, शेवटच्या दिवसांतल्या तपासण्या, दर वेळी. आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

"काका? लेफ्ट घेऊ की राइट?"

"परत घे. घरी."

ड्राइव्हवेत गाडी थांबली तेव्हा हिमानी खुशीत होती. "मला आवडली. खरंच. मी घेते. आईला व्हिडिओ कॉल करून दाखवू?"

गावंड्यांचा हात अजून गुडघ्यावर होता. एवढी वर्षं ज्या वाक्याची त्यांनी मराठी माणसांकडून वाट पाहिली ते वाक्य हे होतं.

"घेऊ नकोस," ते म्हणाले.

"अं?"

"खालून गंजलीय. इथं हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं. पार्ट मिळत नाहीत. जानेवारीत रात्री हायवेवर बंद पडली तर एकटी काय करशील तू? कोरोला घे. जुनी घे, पण कोरोला घे."

"पण काका, आत्ताच तर तुम्ही म्हणत होता, एकदम फर्स्ट क्लास आहे!"

"ते मी माझ्या बाजूनं सांगत होतो. या बाजूला आजच बसलो."

हिमानीला काही कळलं नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी द्यायचं जिवावर आलं. गावंड्यांनी तिला समजावलंही नाही. गाडी चालती राहावी ही एकच इच्छा उरली होती, ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोडली होती. वाईट वाटेल म्हणून ते थोडा वेळ बसून राहिले. वाटलं नाही. फक्त गुडघा गार होता.

मंडळातल्याच एका कुटुंबाची जुनी कोरोला निघत होती. गावंड्यांनी दोन फोन करून ती जमवून दिली, आणि गुरुवारी हिमानी ती घेऊन हजर झाली. "काका, आई म्हणाली पूजा केल्याशिवाय हायवेवर न्यायची नाही. आणि सगळे म्हणतात नारळ तुम्हीच फोडता." तिनं पटेलांच्या दुकानातून नारळ आणि लिंबांची जाळी आणली होती.

त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ बाजूला दगडावर फोडला. एक थेंब रंगावर उडाला नाही. हिमानीनं गाडी पुढे घेतली, लिंबं चिरडली, तिनं टाळ्या वाजवल्या आणि वाकून नमस्कार केला. "लिंबं उरलीत काका, तुम्हाला ठेवून जाते. सरबत करा."

शुक्रवारी सकाळी स्क्रॅपवाल्याचा ट्रक आला. ड्रायव्हर धिप्पाड, अबोल माणूस होता. त्यानं ट्रकचा उतरता पाट खाली सोडला आणि साखळी काढायला लागला.

"वन मिनिट," गावंडे म्हणाले.

ते गराजात गेले. फळीवरची हिरवी घडी घेतली. गाडीचं उजवं दार उघडून प्रतिमाच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, आणि वाकून ती घडी फटीत खोचायला लागले. पहिल्यांदा जमेना. वरून खोचली की खाली निसटायची. मग अंगठ्यानं एका टोकापासून दाबत नेली, तेव्हा बसली. त्यांनी तळहात फटीजवळ धरून पाहिला. वारा नव्हता.

आता दार उघडलं तर ती पडणार होती. म्हणून पंचाहत्तरीचे गावंडे गिअरच्या दांड्यावरून एक पाय टाकून, स्टिअरिंगला धरून, कण्हत कण्हत डावीकडच्या सीटवर गेले आणि त्या दारानं उतरले. त्यांचा एक बूट आतच निघाला, तो त्यांनी हात घालून काढला. ड्रायव्हर बघत होता.

"यू ओके, सर?"

"येस. वन मोर मिनिट."

स्वयंपाकघरातून त्यांनी एक लिंबू आणि कुंकवाची डबी आणली. कपाळाला लावावं तसं बॉनेटवर, त्या चिन्हाच्या खाली, बोट टेकवलं. लिंबू उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाखाली ठेवलं.

"व्हॉट्स दॅट फॉर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"फॉर अ न्यू कार."

ड्रायव्हरनं गाडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "ओके, सर," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

साखळी ताणली गेली. गाडी आधी थरथरली, मग हलली. लिंबू चिरडलं. गार हवेत त्याचा वास आला, आणि गावंड्यांना तो जाणवला. ते ट्रकच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. पाट वर चढला, गाडी जराशी कलली. ते दाराकडे बघत होते.

ट्रक गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते बघत होते. घडी पडली नाही. दार घट्ट होतं.