देवीने धरलेलं पातं

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या मैदानात माणसांची झुंबड उडाली होती. मधोमध ट्रॅक्टर घरघरत होता. त्याच्या मागे गवत कापायचा कटर जोडलेला होता, पण कटरची पाती ढिम्म हलत नव्हती. समोर दाट गवतात देवीचा शेंदरी दगड. "देवीनं पातं धरलंय!" म्हणत बायका हार टाकत होत्या.

मी तंत्रनिकेतनात शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी असले चमत्कार उलगडत फिरते. खरं सांगायचं तर आता थकले आहे. बाबा बदलतात, दगड बदलतात, मी तेच बोलते आणि लोक या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात. त्या दिवशीही गेले नसते. पण आमच्या कॉलेजचं मैदान कापणाऱ्या भैरूचा फोन आला. ट्रॅक्टर त्याचाच.

"मॅडम, माजी बायकू सखू ऐकंना. त्या पात्याखाली पाय घालायचा म्हनती."

सखूच्या पायाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासायला सांगितली होती. दगडापाशी ठाण मांडून बसलेल्या उदयसिंह महाराजांचा उपाय सोपा होता: चालू यंत्राखाली पाय ठेवायचा. देवी पाय कापत नाही, आजार कापते.

"यंत्र, तंत्र, मंत्र! तिन्हीत कॉमन काय? त्र! त्र म्हंजे त्राता! टेन्शन नाय घ्यायचं, माउली!" महाराज माइकवरून गरजले. टाळ्या पडल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

"कधीपासून असं होतंय?" मी भैरूला विचारलं.

"खंडेनवमीपास्नं. मशीनची पूजा केली, मागच्या त्या डब्यालाबी तेल-शेंदूर चोपडला. दुसऱ्या दिवशी हितं आलो, तर दगडापाशी पाती थांबली. तवापासनं महाराज रोज त्या डब्यावर तेलाचा अभिषेक करत्यात."

"त्याच डब्यावर?"

"दुसरीकडं थेंब न्हाई वतत. आदी पावणे गावात ट्रॅक्टरचे जुने पार्ट विकायचे महाराज."

पाणी कुठे मुरतंय ते कळलं. तो डबा म्हणजे स्लिप क्लच. ट्रॅक्टरचा फिरता दांडा त्यातून पाती फिरवतो. आतल्या चकत्या स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबलेल्या असतात. पातं दगडावर अडलं, तर चकत्या घसरतात आणि यंत्र वाचतं. या चकत्या कोरड्या ठेवाव्या लागतात. त्यांना तेल पाजलं, तर जरा जोर पडताच घसरतात. देवीच्या भीतीने दगडाजवळचं गवत कुणी कधी कापलंच नव्हतं. जोर तिथेच सगळ्यात जास्त पडायचा.

एवढ्यात डब्यातून धूर निघाला. "देवीचा धूप!" शेकडो हात जोडले गेले.

घसरून तापलेल्या चकत्यांवरचं तेल जळत होतं. एरवी दर्शनापुरताच चालणारा ट्रॅक्टर आज महाराजांचं भाषण रंगल्यामुळे चालूच होता. तेल जळून गेलं की चकत्या पकड घेणार आणि पाती फिरणार; ते कुठल्या क्षणी, याचा नेम नव्हता. सखूने चप्पल काढली होती.

मी माइक मागितला. मिळाला नाही. भैरू इंजिन बंद करायला गेला, तर भक्तांनी त्याला अडवलं. मग भैरूच्या कानात दोन शब्द सांगितले. तो महाराजांपुढे जाऊन मोठ्यानं म्हणाला, "देवीला कोहळा द्यायचा ऱ्हायलाय. आदी त्यो, मग पाय!"

आता कोहळ्याला नाही कोण म्हणणार? भैरूने जवळच्या पूजेच्या सामानाच्या गाड्यावरून कोहळा आणला, माणसं मागे हटवली आणि लांब बांबूने तो पात्यांखाली सरकवला. पाती गप्प. जयजयकार झाला.

"बघितलं? चला माउली, पाय!"

मी सखूचा दंड घट्ट धरला. "थांब."

"सोडा मॅडम, दुकतंय," ती म्हणाली.

धूर काळा झाला, एक हिसका बसला आणि पाती गरजली. कोहळ्याची शकलं महाराजांच्या रेशमी उपरण्यावर जाऊन आदळली. भैरूने धावत जाऊन इंजिन बंद केलं. मी सगळ्यांना डबा दाखवला, जळकं तेल दाखवलं, चकत्या समजावल्या. तोवर महाराज गाडीत बसले होते.

"देवीनं कोहळा घेतला!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हात पुन्हा जोडले गेले.

तरी पुन्हा सांगते, कारण सांगणं भाग आहे. पूजा करायची तर करा, पण यंत्र थांबलं तर आधी ते उघडून बघा. जखम भरत नसेल तर डॉक्टरकडे जा. आणि जो कारण शोधू देत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.

सखू मात्र खाली वाकून चप्पल घालत होती.

"देवीनं कोहळा घेतला आसंल," ती भैरूला म्हणाली, "पर पाय माजा मला पायजे. चला, साखर तपासून येऊ."