जुने दिवे तीन, नवीन काही नाही

घरात त्यांना सगळे इन्चार्ज म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर मुलगा आणि सून 'बाबा' म्हणत, बायको 'अहो' म्हणे. पण त्यांची पाठ वळली की इन्चार्ज. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इन्चार्ज म्हणून त्यांची हयात गेली होती आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तो कारभार, कोणी मागितलेला नसताना, घरी आणला होता.

कंट्रोल रूमची एक रीत होती. समोर भिंतभर दिवे. कुठं काही बिनसलं की त्यातला एक लुकलुकायला लागे आणि भोंगा बोंबलायला लागे. मग इन्चार्जांनी टेबलावरचं एक बटण दाबायचं. त्या बटणाचा अर्थ एवढाच, की कळलं. भोंगा गप्प होई आणि दिवा लुकलुकणं सोडून शांतपणे जळत राही. दुरुस्तीची माणसं सवडीनं येत. तोवर पाळी बदलली, तर जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं, जुने दिवे अमुक, नवीन तमुक. जुन्यांची काळजी करायची नाही, कारण ते कोणाला तरी कळलेले असतात.

तिथं ही रीत झकास चाले, कारण मागं दुरुस्तीचं अख्खं खातं बसलेलं होतं. घरात खातं नव्हतं. नुसतं बटण होतं.

न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला तेव्हा इन्चार्ज जातीनं आत गेले, नळाकडे रोखून पाहिलं, "कळलं" म्हणाले आणि बाहेर आले. त्या क्षणापासून नळ जुना झाला. कपाटाचं बिजागर जुनं झालं. सासूबाईंचा उजवा गुडघा तर लग्न होऊन सून घरात आली त्याच्याही आधीपासून जुना होता. जिना चढताना त्या कळवळल्या की पेपराआडून आवाज येई, "तो जुनाच आहे." आणि गंमत अशी की सासूबाईंना स्वतःलाही ते पटे. नवीन काही नाही म्हटल्यावर माणसाला जरा बरं वाटतं.

गाडीचं तर विचारूच नका. गाडी एक आणि चालवणारे बापलेक दोघं, म्हणजे पाळ्या आल्याच. किल्ली हातात देताना सांगायचं ते ठरलेलं होतं. इंजिनाचा पिवळा दिवा पहिला लागला. त्याचं चित्र मुलाला पाणबुडीसारखं दिसे आणि सासूबाईंना शिवणयंत्रासारखं. यावर एकदा जेवताना चांगली खडाजंगी झाली, पण गाडी गॅरेजात न्यावी हा मुद्दा काही त्यात निघाला नाही. दुसरा टायरमधल्या हवेचा. तोही पिवळा, एखाद्या वाडग्यात उद्गारचिन्ह उभं करावं तसा. इन्चार्जांनी दोन्ही कळून घेतले. जुने दोन, नवीन काही नाही.

तिसरा लाल होता. गोलात उद्गारचिन्ह. तो आधी फक्त वळणावर चमकून जाई. मुलानं तसं सांगितलं तेव्हा इन्चार्जांनी शेजारी बसून एक फेरी मारली आणि निदान केलं की हँडब्रेक पुरता खाली जात नाही, त्याचा हा दिवा. निदान अर्धं बरोबर होतं, आणि अर्धं बरोबर निदान हे फार टिकाऊ असतं. घरातले सगळे हँडब्रेक इतका दाबून खाली करायला लागले की त्याची मूठ सैल झाली. दिवा मग वळणावर लागायचा तो सरळ रस्त्यावरही लागायला लागला. पण तोवर तो जुना झाला होता.

सून लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. तिला गाडी येत होती, पण या गाडीत तिची पाळी कधी आली नव्हती. ती बसनं जाई. त्या सकाळी मात्र आली. इन्चार्जांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि काळा चष्मा लावून गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मुलगा कामावर गेला होता. आणि सासूबाईंचा गुडघा पाहायला सुनेनं ओळखीतून एक मोठे डॉक्टर गाठले होते, जे दुसऱ्या दिवसापासून लांबच्या रजेवर जाणार होते. आजची वेळ हुकली असती तर गुडघा आणखी जुना झाला असता.

इन्चार्जांनी दारात किल्ली दिली आणि म्हणाले, "जुने तीन, नवीन काही नाही."

सुनेनं विचारलं, कोणते तीन. त्यांनी सांगितले. कोणी पाहिलेत, असं तिनं विचारलं. सगळ्यांनी पाहिलेत, ते म्हणाले.

"पाहून काय केलं?"

"पाहिलेत," इन्चार्ज म्हणाले. सूनबाईला प्रश्न कळला नसावा अशा समजुतीनं त्यांनी तोच शब्द जरा सावकाश उच्चारला.

सासूबाई मागच्या सीटवर पाय लांब करून आडव्या बसल्या. इन्चार्ज काळा चष्मा लावून पुढं. गाडी सुरू झाली, सगळे दिवे एकदम उजळले, बाकीचे विझले आणि तीन उरले. दोन पिवळे, एक लाल. सुनेनं हँडब्रेक खाली केला. मग चाचपून पाहिला. तो खालीच होता. लाल दिवा तसाच.

ती निघाली खरी, पण तिला स्वस्थ बसवेना. सीट पुढं घेतली, मागं घेतली. आरसा हलवला. नजर रस्त्यावर जाई आणि कोणी ओढून आणल्यासारखी त्या लाल टिकलीवर परत येई. सासूबाई मागून शेजारणीच्या घराच्या रंगाबद्दल काही सांगत होत्या आणि ती "हो ना" म्हणत होती, बहुधा चुकीच्या ठिकाणी, कारण सासूबाई मधेच थांबून म्हणाल्या की अगं, मी वाईट म्हणतेय त्याला.

तिच्या वॉर्डात खाटेशेजारची यंत्रं दिवसभर पीं पीं करत. तिथलीही एक रीत होती. यंत्र ओरडलं की आधी पोराकडे बघायचं, यंत्राकडे नंतर. बऱ्याचदा पोरानं वायर उपटलेली असे. पण ज्यानं आवाज बंद केला त्यानं खाटेपासून हलायचं नाही, जोवर का ओरडलं ते समजत नाही तोवर. या गाडीत पोर कुठं आहे ते तिला कळत नव्हतं, एवढीच अडचण होती.

पहिल्या चौकात ते कळलं. पुढची व्हॅन थांबली म्हणून तिनं ब्रेक दाबला, आणि पाय नुसताच आत गेला. ओल्या गादीवर ठेवावा तसा. गाडी थांबली, पण व्हॅनच्या मागचं धुळीत बोटानं लिहिलेलं नाव वाचता येईल इतकी जवळ जाऊन. कोणीतरी कोणावर तरी प्रेम करत होतं.

"ब्रेक खोल जातोय, बाबा."

"दोनदा दाबायचा," इन्चार्ज म्हणाले. "पहिला वाया जातो. दुसऱ्याला लागतो. राहिलं सांगायचं."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं कोणी सांगावं, की आमच्या दाराची कडी जरा वर उचलून घ्यावी लागते. सुनेनं विचारलं, असं कधीपासून आहे. आठवत नाही, ते म्हणाले. सवय झाली की आठवत नाही.

पुढं रस्ता सपाट होता, पण थोडाच. त्यांची वस्ती टेकडीवर होती आणि दवाखाना खाली. मधे तो लांबलचक उतार, ज्यावरून मालाचे ट्रक कण्हत चढत आणि बाकीचे सुसाट उतरत. सुनेनं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागचे हॉर्न वाजवायला लागले. तिनं चारही बाजूंचे पिवळे दिवे चालू केले, पुढच्यापासून भलंमोठं अंतर सोडलं आणि कडेकडेनं चालवू लागली. इन्चार्जांना हे अपमानास्पद वाटलं. आपल्या गाडीला बैलगाडीची कळा आली, असं ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. मग घड्याळ पाहिलं, मग डॉक्टरांचं नाव काढलं, मग या वेळेसाठी तूच किती खटपट केलीस याची तिला आठवण करून दिली. ते खरं होतं. म्हणूनच ते तिला नको होतं.

उतार सुरू होण्याआधी लाकडी फर्निचरच्या दुकानाचं मोकळं आवार होतं. तिनं ब्रेक दोनदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला, हँडब्रेक हळूहळू वर ओढत गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. लाल दिवा विझला. तिनं किल्ली काढून घेतली.

"इथं का थांबवलीस? दवाखाना खाली आहे."

"खाली जायचंय म्हणूनच थांबवली."

यानंतर इन्चार्ज बरंच बोलले. त्यांनी सांगितलं की हाच दिवा घेऊन आपण लग्नाला गेलो, बाजारात गेलो, याच उतारावरून कितीदा गेलो. त्यांनी सांगितलं की ज्या माणसानं अर्ध्या शहराचे दिवे सांभाळले त्याला एका दिव्याबद्दल शिकवू नये. आवाज चढत गेला. दुकानातला सुतार खुर्चीचा पाय हातात धरून बाहेर आला आणि कौटुंबिक मामला आहे असं पाहून परत आत गेला. सून ऐकत होती. किल्ली तिनं मुठीत धरली होती आणि दुसऱ्या हातानं ती मूठ धरली होती.

"बाबा, मी खाली नेणार नाही. तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल."

हे तिनं मान खाली घालून म्हटलं. घरात असं कोणी त्यांना म्हटलं नव्हतं, आणि चष्म्याआड त्यांचे डोळे काय करत होते ते दिसत नव्हतं.

मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हीच बसा आणि दाबून बघा की. थांबलेल्या गाडीत बसायला डॉक्टरांची मनाई नाहीये."

ते तावातावानं उतरले, वळसा घालून आले, चालवायच्या जागी बसले. खाली उतरलेल्या सुनेनं बाहेरूनच हात घालून इंजिन सुरू करून दिलं. त्यांनी पाय दाबला, वाया गेला. पुन्हा दाबला, लागला. त्यांनी विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहिलं.

"आता सोडू नका," ती म्हणाली. "दाबून धरा."

त्यांनी धरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांचा गुडघा हळूहळू पुढं सरकायला लागला. ते काही करत नव्हते. पायाखालचं आपण होऊन मागं हटत होतं. पाऊल तळाला टेकलं. इन्चार्ज तसेच बसून राहिले. त्यांचा उजवा हात डॅशबोर्डवर दाबायला काहीतरी शोधत फिरला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. तिथं काही नव्हतं.

सुनेनं वाकून मागच्या चाकाची आतली बाजू पाहिली. ओली होती. तेलकट ओघळ टायरवरून खाली आला होता. तिनं बोट लावलं, पदराला पुसणार होती, मग गवताला पुसलं. ब्रेकचं तेल तिथून केव्हापासून पाझरत होतं हे सांगणारं कोणी नव्हतं. दिवा तेवढा सांगत होता.

इन्चार्जांनी मुलाला फोन लावला. ब्रेक गेलाय, ते म्हणाले. पलीकडून मुलगा काहीतरी म्हणाला. तो जुनाच ना, असंच म्हणाला असावा.

"जुना मी म्हणालो म्हणून झाला," इन्चार्ज म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्वतःहून गॅरेजला लावला. गाडी उचलून न्यायची गाडी पाठवा, चालवत आणता येणार नाही, हे त्यांनी तिघांना तीनदा सांगितलं, कारण गॅरेजात दर वेळी वेगळाच माणूस फोन घेई.

सासूबाईंनी टॅक्सी थांबवली. इन्चार्जही तिच्यात बसायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीजवळ थांबा. माझ्याबरोबर ही आहे." ते थांबले. काळा चष्मा लावून, बंद गाडीच्या बॉनेटला टेकून. सुतारानं त्यांना एक स्टूल आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

टॅक्सी उताराला लागली. टॅक्सीवाला एका हातानं चालवत होता आणि दुसऱ्या हाताचं कोपर खिडकीबाहेर होतं. समोरून ट्रक कण्हत वर येत होते. पहिल्या वळणावर सुनेनं पायाखालची सतरंजी दाबली. दुसऱ्या वळणावर दोनदा दाबली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तिच्या मांडीवर हात ठेवला.

"त्याचा लागतोय," त्या म्हणाल्या.

"हो," सून म्हणाली. तळाला पोचून रस्ता सपाट झाला, दवाखान्याची पाटी दिसायला लागली, तरी तिचा पाय काही सतरंजीवरून सैल होईना.