शेवटच्या थांब्यावरचं पाणी

माझ्या नाकावर राग असतो, हे महाड डेपोत कुणालाही विचारा. मी श्रुतिका, एसटीत कंडक्टर. दारात लटकणाऱ्यांशी भांडले नाही असा दिवस जात नाही. पण ठमाआजींसमोर माझी मान खाली जाते, ती का ते सांगते.

माझी पहिली फेरी महाडहून पोलादपूरमार्गे करंजवाडीला. सकाळी सहाला निघायचं, आठला डोंगरावरचा शेवटचा थांबा, पंधरा मिनिटं थांबून परत. थांब्याला लागूनच ठमाआजींचं घर. गाडी लागली की आजी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन हजर. आमचे ड्रायव्हर भरतदादा घटाघटा प्यायचे. मी मात्र रोज म्हणायचे, "नको आजी."

का, ते बायकांना सांगायला नको. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी दोन मिनिटं टेकते, तेवढ्यात तिकिटं काढायची की धावायचं? पुढे सगळा घाट. भरतदादांचं काय, ते करवंदीच्या जाळीमागे जाऊन यायचे. मी दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नसे. मग डोकं ठणकायचं, लघवीला जळजळ व्हायची. एकदा तर भर घाटात कमरेत अशी कळ आली की दांडा धरून मी खालीच बसले.

महाडच्या डॉक्टर अनुपमाताईंनी सोनोग्राफी बघितली. "बारीक खडा आहे. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पी, पडून जाईल. रोखून धरणं बंद कर. नाहीतर किडनी खराब होईल, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस." मी हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी ड्युटी केली. कळतं पण वळत नाही, दुसरं काय!

आजींना यातलं काय ठाऊक? एका सकाळी त्यांनी भरतदादांना तांब्या दिला आणि भरल्या गाडीत म्हणाल्या, "हिला नको देऊ रे. म्हाडची बाय ती, आमच्या झऱ्याचं पानी तिला चालत नाय."

दारात आलेल्याला पाणी द्यावं आणि त्याने ते नाकारावं, याहून मोठा अपमान या डोंगरात नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं. पण कंबर ठणकत होती, डोकं फिरलं. "चालतं हो आजी! पण प्यायल्यावर जाऊ कुठे? पाणी न पिऊन खडा झालाय मला!"

पुरुषमंडळी खिडकीबाहेर बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी वळून घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी लागताच त्यांनी माझं मनगट धरून मला घरामागे नेलं. घासून लख्ख केलेला संडास, आतून नवी कडी, भरलेली बादली.

"हैबतीनं, माज्या लेकानं, कालच बसवली कडी. जा गो बाय, बिनघोर जा. मंग चांगलं तांब्याभर पानी पी."

मला रडूच फुटलं. त्या दिवसापासून मी पाणी पिऊ लागले. दोन महिन्यांत खडा पडून गेला, डोकेदुखी थांबली. अनुपमाताईंनी मला शाबासकी दिली, ती खरं तर आजींची.

मे महिन्यात एकदा गाडी वेळेआधी पोचली. आजी झऱ्यावरून येत होत्या. डोक्यावर हंडा, पाय थरथरत होते. झरा आटत आलेला, वर अर्ध्या तासाची चढण. तो हंडा त्यांनी घरात नेला नाही. सरळ मागे जाऊन माझ्या बादलीत ओतला.

दुसऱ्या दिवशी मी घरच्या नळाचे दोन कॅन भरून गाडीत घातले. ते बघून आजी भडकल्या. "आमाला पानी आनतेस?"

"आजी, मी तुमचं पाणी नाकारलं तेव्हा तुम्हाला केवढं लागलं होतं! आता तुम्ही माझं नाकारू नका."

आजींनी पदर खोचला. मग एकेक कॅन ओढत आत नेला आणि बाहेर आल्या त्या तांब्या घेऊन. त्यात झऱ्याचं पाणी होतं.

"तुजं आमी वापरू," त्या म्हणाल्या. "पन तू हेच प्यायचंस."

मी उभ्या उभ्या अख्खा तांब्या रिकामा केला.